गोठ्याची माहिती

दाराची कडी वाजली आणि कालपासून मुकं झालेलं घर दचकलं. डेअरीचा कारभार कॉम्प्युटरवर नेण्याआधी कुणाच्या गोठ्यात काय आहे, हे टिपून घेत पारोळ्याची जीनत घरोघर फिरत होती. नूतननं टाके पडलेला ओठ पदरानं झाकला. काल नवऱ्यानं, योगराजनं, तिचं तोंड उंबऱ्यावर आपटलं होतं.

"गाई किती, ताई?"

"दोन. तिसरी ही!" नूतनकडे बोट दाखवत योगराजनंच हसत उत्तर दिलं.

"आणि म्हशी?"

"आमना गोठामा म्हैस कधीच नव्हती. शून्य लिहा," पुन्हा तोच म्हणाला.

कडेवरच्या लेकीनं पदर बाजूला सारून नूतनच्या ओठावर हळूच फुंकर घातली.



"मम्मी, मग म्हशीनं मारलं असं काल डॉक्टरांना का सांगितलंस?"