खडखडणारा पंप

"सगळ्यांनी माइक चालू करा," जुलियाना म्हणाली, तरी पडद्यावरच्या बासष्ट काळ्या चौकोनांपैकी एकही हलला नाही. वर्षभर तिनेच सगळ्यांना माइक बंद ठेवायला लावलं होतं, तेव्हा पोरांचं तरी काय चुकलं!

यंत्रांची कंपनं ऑनलाइन शिकवायची म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इंजिनिअरिंगचे विभागप्रमुख दिनानाथ सर तर सांगूनच मोकळे झाले होते, "आज शेवटचं बघतो. पोरं बोलणार नसतील तर गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावू. तुम्ही कशाला घसा कोरडा करता?" आज तेही एका चौकोनात येऊन बसले होते.

जुलियाना मात्र हट्टाला पेटली होती. लॅपटॉप उचलून ती तडक घरामागच्या वाडीत गेली आणि तिने पंप सुरू केला. चार दिवस तो खडखडत होता. या तासासाठी म्हणून नवऱ्याला तिने मिस्त्री बोलावू दिला नव्हता. पापडी गावातली सगळी आळी हसली तरी नाही.

"ऐका आणि सांगा, याचं काय बिघडलंय?"

पंप तेवढा बोलत राहिला. तिने लॅपटॉप पंपाच्या आणखी जवळ नेला.

"मॅडम, बेअरिंग गेलंय," एका चौकोनातून स्वप्नाचा आवाज आला.

"काय पण! बोल्ट ढिलाय." हा विघ्नेश. वालीवला वडिलांच्या वर्कशॉपच्या गाळ्यात लेथवर काम करता करता वर्ग ऐकणारा, हजेरीपलीकडे कधी न बोललेला. "मॅडम, पंपाच्या बेसवर जरा पाय दाबून उभ्या राहा ना."

ती उभी राहिली. खडखड थांबली.

"बघ स्वप्ना! बेअरिंग असतं तर ओरडतच राहिलं असतं!"

मग एकच गिल्ला झाला. कुणी मिक्सर लावला, कुणी आईची शिलाई मशीन. जो तो दुसऱ्याच्या यंत्राचं दुखणं सांगू लागला. जुलियाना आनंदाने एकेका यंत्राला कान देऊ लागली.

"वा मॅडम!" दिनानाथ सर खूश झाले. "हे रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या वर्षी हेच लावू."

"पुढच्या वर्षी पंप दुरुस्त असेल, सर," जुलियाना म्हणाली. तिने पंपाचं बटण बंद केलं आणि पाना उचलला.

"मॅडम, एकच बोल्ट एकदम नका आवळू," विघ्नेश ओरडला, "समोरासमोरचे घ्या आधी. आणि कॅमेरा जरा खाली धरा, आम्हाला दिसत नाहीये!"