झुंबरबाईचं आंबट

मंडळी, जरा जवळ सरका. गोष्ट लहान आहे, तोंडातली सुपारी विरायच्या आत संपेल. पण संपल्यावर मी एक मागणं मागणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

मोठ्या लढाईचं चौथं वर्ष. पुण्याची गाडी निघून गेली आणि लोणावळा स्टेशनच्या पार्सल खिडकीशी वलवणची झुंबरबाई येऊन उभी राहिली. पदराखालून तिनं एक तपकिरी बाटली काढली आणि आत बसलेल्या निजामबाबूच्या पुढ्यात ठेवली. तिचा भिमाजी पलटणीत होता, तिकडं ब्रह्मदेशाच्या अंगाला. आईच्या हिरड्यांतून रक्त येतं, असं शेजाऱ्यानं पत्रातून कळवलं, तेव्हा भिमाजीनं पलटणीच्या डॉक्टरला विचारून ही पांढरी पूड पाठवली होती. महिन्यापूर्वी ते पार्सल निजामनंच तिच्या हाती दिलं होतं.

"भाऊ, औषिद आलं, पर गुण काय न्हाई," ती म्हणाली. "दात हालाया लागलं. कागदावर काय लिवलंय तेवढं सांगा."

निजामचं इंग्रजी पेट्याखोक्यांवरच वाचून शिकलेलं. त्यानं चष्मा पुसला, बाटली उजेडाकडं धरली. कोरड्या जागी ठेवा, उन्हात ठेवू नका, ही ओळ तर त्याच्या रोजच्या ओळखीची. पुढच्या ओळीला वेळ लागला. मग त्यानं विचारलं, मावशी, घेता कशी ही?

झुंबरबाईनं जरा तोऱ्यातच सांगितलं. देवाच्या तांब्याच्या गडूत पूड घालायची, चांगल्या तीन उकळ्या फुटू द्यायच्या, पाणी निम्म्यावर आलं की गुळाचा खडा टाकायचा. तिच्या सासूनं सगळे काढे असेच केले, आणि सासू ऐंशी वर्षं जगली.

निजामला हसू आवरेना. "सासूबाईंना ही बाटली ठाऊक नव्हती, मावशी. इथं लिहिलंय, थंड पाण्यातून घ्या, उकळू नका. तांब्याच्या भांड्यात तर घालूच नका, सगळं सत्त्व जातं. महिनाभर तुम्ही नुसतं गुळाचं पाणी प्यायलात."

तीही पदर तोंडाला लावून हसली. एवढंच होतं तर. पण निजाम भल्या मनानं पुढची ओळही वाचून गेला: लिंबात, ताज्या फळांत, हिरव्या पालेभाजीत जे असतं, तेच या पुडीत आहे.

झुंबरबाईचा चेहरा उतरला. तिनं बाटली बोटानं त्याच्याकडं सरकवली. भिमाजी लढाईवर निघाला त्या दिवशी तिनं भैरोबाच्या पायरीवर आंबट आणि हिरवं सोडलं होतं. पोर धडधाकट दारात उभं राहीपर्यंत लिंबू नाही, चिंच नाही, ताक नाही, पाल्याची भाजी नाही. दोन वर्षं नाचणीची भाकरी आणि पिठलं. आणि महिनाभर आपण रोज सकाळी लिंबूच पीत होतो म्हणायचं. पोराचं पत्र आलं नव्हतं, तेही याच महिनाभरात.

"माज्याच हातानं नवस मोडला मी," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ही हितंच. रगत येतंय, येऊ दे."

निजामनं बाटलीवरचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "मोडला कुठं? उकळून सत्त्व गेलं. आंबटाचा कणसुद्धा तुमच्या पोटात गेला नाही. तांब्याचा गडू तुमच्या हाती भैरोबानंच दिला असेल."

हे मात्र तिला पटलं. तिनं खिडकीलाच हात जोडले. पण थंड पाण्यातून घ्यायचं म्हणजे आता कळूनसवरून मोडायचं, ते तिच्यानं होणार नव्हतं. ती निघाली. चार पावलांवर थांबून तिनं पदराच्या टोकानं ओठ टिपले. टोक लाल झालं.

निजामनं हाक मारून तिला परत बोलावलं. एकाचा नवस दुसऱ्यानं उचलला तर चालतं का, असं त्यानं विचारलं. चालतं की, ती म्हणाली. तिचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचा अनवाणी डोंगर चढायचा नवस दिरानं फेडला होता. फक्त माणूस घरातलं लागतं.

"मग मी उचलतो. आजपासून आंबट आणि हिरवं माझं बंद, भिमाजी येईपर्यंत."

"तुमी? आमच्या भैरोबाला?"

"तुम्हाला मावशी म्हणतो ते काय उगीच? भैरोबाला माझं नाव तेवढं सांगून ठेवा."

मग तुमच्याबी हिरड्या सुजल्या म्हंजे, असं ती म्हणाली. त्यावर, आपण कांदा-बटाटा आणि मटण खाणारा माणूस, आपल्याला काही होत नाही, असं त्यानं तिला हसत सांगितलं.

कोपऱ्यात निजामचा माठ होता. काचेच्या पेल्यात त्यानं पाणी ओतलं, चिमूटभर पूड विरघळवली. माठ कुणाचा, हे झुंबरबाईनं मनात आणलं नाही. पहिल्या घोटाला तिचा एक डोळा मिटला, खांदे आक्रसले, जीभ टाळूला चिकटली. दोन वर्षांनी तोंडाला आंबट लागलं होतं. तिनं पेला उताणा करून शेवटचा थेंबही घेतला.

हिरड्या लवकरच भरून आल्या. भिमाजी आला तो लढाई संपल्यावर, धडधाकट. तोवर दोन उन्हाळे, बायको उम्मेहानी कैरीचं लोणचं वाढायला वाकली की निजाम ताटावर हात आडवा धरायचा.

तर मंडळी, मागणं एवढंच. पानात लिंबाची फोड पडली की पिळण्याआधी क्षणभर थांबा, आणि त्या पार्सलबाबूची आठवण काढा.