नाक मोकळं झाल्यावर

"लसूण करपला गं," सोप्यातून केरबा म्हणाले आणि हौसाबाईच्या हातातला झारा थांबला.

नाकात वाढलेल्या कोंबांमुळे केरबांना कित्येक वर्षं कशाचाच वास येत नव्हता. फवाऱ्यानं गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीतून कोंब काढले. आज नाक उघडलं होतं.

तिचे डोळे भरले. लगेच पदर तोंडावर गेला. नवऱ्याला वास सोसवत नाही म्हणून लग्नानंतर सोडलेली तंबाखूची मिश्री तिनं बंद नाकाच्या भरवशावर पुन्हा धरली होती.

केरबा शेजारी येऊन बसले.

"उद्यापासून सोडते," ती पदराआडून म्हणाली.

"काळे दात रोज बघत होतो. नाक बंद होतं, डोळे नव्हते."

"मग बोलला का नाही?"

"मला कुठं त्रास होत होता?"

"आणि आता?"

त्यांनी तिचा पदर बाजूला केला, लांब श्वास घेतला.

"होतोय की," म्हणाले आणि आणखी जवळ सरकले.