जुळणारं हृदय

हेमलताच्या फोनवर सकाळीच हिरवा दिवा लागला. तिच्या नवऱ्याला, जयसिंगरावांना, जुळणारं हृदय सापडलं होतं. मरणोत्तर अवयवदानाची नोंद केलेल्या माणसाचं नाव सरकारी यंत्रणा आता तो धडधाकट असतानाच रुग्णाच्या घरी कळवायची. नाव वरच्या मजल्यावरच्या तुषारचं होतं. अख्ख्या कॉलनीत नोंद केलेला तो एकटाच. देहातलं काही काढलं तर पुढच्या जन्मी ते उणं राहतं, अशी भीती बाकीच्यांना होती. हेमलतालाही होती.

खाली तुषारने मोटारसायकल काढली. त्याला घाट उतरून कामावर जायचं होतं. हेल्मेट नेहमीसारखं आरशाला लटकत होतं आणि रोज हेमलता गॅलरीतून ओरडायची, "हेल्मेट घाल रे आधी."

आज त्यानेच वर पाहिलं. "काकू, आज गप्प का?"

"काही नाही. जा तू, उशीर होईल."

गाडी सुरू झाली.

"तुषार, हेल्मेट."

आवाज तिच्या मागून आला होता. जयसिंगराव भिंत धरत धरत गॅलरीच्या दारापर्यंत आले होते. तुषारने हसून हेल्मेट घातलं आणि तो फाटकाबाहेर पडला.

जयसिंगरावांची धाप हेमलताला अगदी पाठीशी ऐकू येत होती. तिचा फोन आतल्या टेबलावर होता, दिवा लागलेला, पडद्यावर तुषारचं नाव तसंच. मागे वळायची तिला भीती वाटली.