अर्धाच ब्रेक

डावं चाक गरगर फिरत होतं आणि मागे चिखल उडवत होतं. उजवं चाक जागचं हलत नव्हतं. ट्रॅक्टर तिथल्या तिथे गुरगुरत होता.

"आई, आणखी रेस दे ना!" डाव्या मडगार्डवर बसलेली मोठी ओरडली. "ट्रॅक्टर आहे की मिक्सर?"

उजव्या मडगार्डवरची धाकटी काही बोलली नाही. ती सहसा बोलतच नसे. घरात मोठीला टकळी म्हणत आणि धाकटीला घुमी.

आईने रेस कमी केली. दहा वाजता शाळेत पोचायचं होतं. तिच्या पिशवीत शाळेने पाठवलेला कागद होता. धाकटी वर्गात एका शब्दानेही उत्तर देत नाही, म्हणून तिला पुन्हा खालच्या वर्गात बसवावं, असं त्यावर लिहिलं होतं. खाली पालकांची सही हवी होती. चार दिवस विचार करून आईने सही करायचं ठरवलं होतं. घरी तरी काय वेगळं होतं? घुमीला भूक लागली, तरी ते टकळीच सांगायची. पाहुण्यांनी घुमीला नाव विचारलं, की टकळी चटकन सांगून मोकळी. "बरं आहे, एकीला तरी तोंड आहे," असं आई हसून म्हणायची.

तिने गिअर काढला. घुमी खाली उतरली आणि थांबलेल्या चाकावर तळवा ठेवून उभी राहिली. ते चाक घट्ट खडीवर टेकलेलं होतं. त्याला चिखलाचा शिंतोडाही नव्हता.

"हे बिघडलंय?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं," आई म्हणाली. "आपल्या ट्रॅक्टरची मागची दोनच चाकं ओढतात. इंजिनाचा जोर दोघांसाठी असतो. पण ज्याला फिरणं सोपं, ते सगळा पळवतं. चिखलात फिरायला काय लागतं? हे बिचारं घट्ट जमिनीवर. याला जोर जास्त हवा, आणि याच्यापर्यंत तो येतच नाही."

दोन्ही चाकं एकत्र जखडणारा खटका गेल्या वर्षीच मोडला होता.

"मग आता याला ढकलायचं?" टकळीने विचारलं.

"याला नाही. त्या फिरणाऱ्याला धरायचं."

घुमी परत वर चढली. आईच्या उजव्या पायाशी दोन ब्रेक होते, एकेका चाकाचा एकेक. त्यांना जोडणारी पट्टी आईने काढली. गिअर टाकला, क्लच सोडला आणि डाव्या चाकाचा ब्रेक हळूच दाबला.

"ब्रेक दाबून कुणी पुढे जातं का?" टकळी खिदळली.

"अर्धाच दाबायचा. जरासं थांबवायचं, बास."

डावं चाक मंदावलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग उजव्या चाकाने खडी करकचून धरली आणि ट्रॅक्टर खड्ड्याबाहेर आला.

शाळेपर्यंत टकळी बोलत होती. आज आईचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत तिघी टेबलासमोर बसल्या. फरशीवर तिघींच्या बुटांचा चिखल उमटला होता. बाईंनी कागद उलगडून पेन त्यावर ठेवलं. मग घुमीकडे पाहून त्या मायेने म्हणाल्या, "काय गं, आज एवढा उशीर?"

"बाई, आमचा ट्रॅ—"

टेबलाखाली आईचा बूट टकळीच्या बुटावर आला. अर्धाच दाबला.

टकळी गप्प झाली. तोंड उघडंच राहिलं. बाईंनी पेन आईपुढे सरकवलं. आईने ते उचललं नाही. बुटावरचा बूटही काढला नाही.

घुमीने आईकडे पाहिलं. मग टकळीकडे. मग बाईंकडे.

"एक चाक फिरतच नव्हतं, बाई," ती म्हणाली. "पण ते बिघडलेलं नव्हतं."