खंडेनवमीची सफाई

खंडेनवमीला कुमुदने पाटावर नवऱ्याचे पाने, हातोडी, करवत मांडली आणि मधोमध जुना लॅपटॉप ठेवला. अर्धांगाच्या झटक्याने त्याची, दिगंबरची, वाचा गेली होती. लॅपटॉपवरच्या खेळात तो एकेक शब्द नव्याने शिकला होता आणि त्याच्या डोक्यातली चिप बोलताना ते शब्द तिथूनच उचलायची. उपचार फुकटातले, शिकलेलं सगळं त्या एका ब्राउझरमध्येच साठायचं, दुसरीकडे कुठेही नाही.

"वहिनी, लॅपटॉप लख्ख केलाय बरं का," झेंडूची फुलं वाहत धाकटा दीर श्रीरंग म्हणाला. "नुसता वरून नाही, आतूनही! ब्राउझरमध्ये केवढा कचरा साठला होता. सगळा उडवला. पूजेला बसवायचं तर यंत्र स्वच्छ नको?"

कुमुदच्या हातातला कुंकवाचा करंडा कलंडला.

"भाऊजी, तो कचरा नव्हता हो!"

आतल्या खोलीत दिगंबर खाटेवर बसला होता. सकाळीच त्याने चहात साखर कमी म्हणून कुरकुर केली होती आणि "जरा गप्प बसा की," असं ती खेकसली होती. आता त्याचे ओठ नुसते हलत होते.

तिने लॅपटॉप त्याच्यापुढे उघडला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'नव्या खेळाडूचं स्वागत! पहिला शब्द निवडा.'

मागच्या वेळी तिने हौसेने आपलं नाव निवडलं होतं. ते त्याच्या जिभेवर यायला वर्ष गेलं होतं.

या वेळी तिने 'पाणी' निवडलं.