प्लेटीवरचं लुगडं

वडिवळ्यात डोंगराच्या आड रेंज येत नाही, म्हणून गुजरातला कामाला जाण्याआधी सुहासनं आपल्या हातानं नेटचा डबा जोडून दिला. गोठ्याच्या बुटक्या पत्र्यावर सोलरची प्लेट, खाली जुनी बॅटरी. सगळ्या आळीनं कौतुक केलं. पण बॅटरी किती उरली ते त्याला तिकडं मोबाईलवर दिसायचं. दुपारी माहेरी दोन शब्द बोलायला त्याच्या बायकोनं, शुभदानं डबा चालू केला की बॅटरी उतरायची, आणि संध्याकाळी नवऱ्याचा फोन ठरलेला. "आज कुणाशी बोलत व्हतीस एवढं?"

शेवटी संध्याकाळी त्याच्या फोनापुरता सोडला, तर तिनं डब्याला हात लावणंच सोडलं.

तरी एका संध्याकाळी तो फोनवर कडाडलाच. "निम्मीच बॅटरी? दिवसभर ऊन आसून?"

शुभदा धावत गोठ्याकडं गेली. प्लेटीवर सासूचं ओलं लुगडं पसरलेलं. ती ते ओढणार, तोच सासूनं, भागुबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आता रोज तितंच वाळंल. बॅटरी रोजच कमी दिसली, म्हंजी तू कवा बोललीस ते त्याला कळायचं न्हाई."

शुभदानं लुगड्यावरचा हात काढला. "आत्या, हे तुमाला कुणी शिकवलं?"

"माज्या सासूनं. पाण्यावर मला किती येळ लागतो ते मोजत तुजा सासरा दारात उभा ऱ्हायचा.

"तवा म्हातारीनं आपल्या हातानं माज्या घागरीला भोक पाडलं."